वीजबिलासाठी मदत मागण्याआधी: बिल वाचायचं कसं, आणि मदत जिरते कुठे

निवृत्त_लेखनिक · रवि, १३:०५

नमस्कार मंडळी. दर रविवारी सकाळी दोन तास मी वाचनालयाच्या ओट्यावर बसतो आणि लोकांची बिलं वाचून देतो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं एका वीज कंपनीच्या बिलिंग खात्यात गेली, त्यामुळे बिलाच्या मागचा बारीक टाइप मला चष्म्याशिवायही कळतो. तेवढंच भांडवल.

लोक येतात ते "काका, मदतीची काही योजना आहे का?" असं विचारतच. मी योजनेचं बोलत नाही. आधी मागची बिलं मागतो, मिळाली तर बाराही महिन्यांची. त्याचं कारण आजच्याच एका बिलाने सांगतो.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. बिल घड्या घालून घालून फाटायला आलेलं. आकडा नेहमीच्या जवळजवळ सहापट. त्यांनी आणीबाणीच्या मदतीचा अर्ज भरून आणला होता, फक्त सही बाकी होती. मी बिल उलगडलं. मागचं रीडिंग ४१८२, चालू रीडिंग ४७९२. म्हणजे ६१० युनिट. पण मागचं रीडिंग मागच्या महिन्याचं नव्हतंच, सहा महिन्यांपूर्वीचं होतं. मधल्या पाच बिलांवर रीडिंगच्या रकान्यात "सरासरी" असा शेरा आणि प्रत्येकी ७० युनिट. मीटर जिन्याखाली, जाळीच्या दाराला कुलूप, वाचायला येणारा माणूस खालूनच परत जात असणार.

आता गंमत बघा. सहा महिन्यांचे ६१० म्हणजे महिन्याला जेमतेम १०२. पण संगणकाने सगळे ६१० एकाच महिन्यात जाळले असं धरलं आणि वरच्या टप्प्याचा, म्हणजे जास्त वापराला लागणारा चढा दर लावला. आधी भरलेल्या ३५० युनिटांचे पैसे वजा केले, पण ते खालच्या टप्प्याच्या दराने. म्हणजे घेताना चढा भाव, देताना उतरता. हे वापरलेले युनिट सहा महिन्यांत वाटून प्रत्येक महिन्याला त्याचा टप्पा लावायला हवा होता. अर्ज लिहून दिला, सहा बिलांच्या झेरॉक्स जोडल्या. काय होतं ते कळवीन.

मुद्दा असा की बाईंनी तो मदतीचा अर्ज आधी दिला असता तर बहुधा मंजूर झाला असता. आणि वर्षातून एकदाच मिळणारी ती रक्कम एका चुकलेल्या गुणाकारात गेली असती. पुढे खरोखरची वेळ आली असती तेव्हा हात रिकामे.

म्हणून बिल हातात आलं की रकमेकडे नंतर बघा. आधी रीडिंगची तारीख, त्यापुढचा शेरा, मीटरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का, मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी) किती, ग्राहकवर्ग कोणता लावलाय (घरगुती जोडणीला दुकानाचा दर लागलेला मी तीनदा पाहिलाय), मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज. एवढं झालं की मग रक्कम.

मदतीचे प्रकार माझ्या मते चारच. दरातच सवलत, बिलावर ठोक सूट, वीज कापली जाण्याच्या वेळची मदत, आणि घर किंवा उपकरणं दुरुस्त करून देणं. शेवटचा प्रकार सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी ठिकाणी सापडतो. बाहेरच्या देशांत राहणाऱ्यांनी आपापल्याकडचं लिहावं, त्यासाठीच हा धागा.

---

पारिजात७ · रवि, १३:३१

वाचनखूण साठवली आहे. "घेताना चढा भाव, देताना उतरता" __/\__

---

घोंगडी · रवि, १५:४८

काका, छान धागा. मी ब्रिटनमध्ये एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक दिवस बसते, त्यामुळे तुमचा ओटा डोळ्यांसमोर आला.

इथे या विषयाला 'इंधन दारिद्र्य' असं रीतसर नाव आहे. ब्रेन्डा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये मांडलेली व्याख्या बरीच वर्षं चालली. घर पुरेसं उबदार ठेवायला मिळकतीच्या १० टक्क्यांहून जास्त खर्च येत असेल तर ते कुटुंब इंधन-दरिद्री. यातला महत्त्वाचा शब्द 'येत असेल'. प्रत्यक्ष केलेला खर्च नव्हे, करावा लागला असता तो. कारण गरीब माणूस बिल कमी ठेवतो ते थंडीत कुडकुडून. त्याचं बिल बघितलं तर सगळं आलबेल वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने थंड हवेच्या देशांत घरात किमान १८ अंश तापमान असावं असं सांगितलंय. आमच्याकडे येणाऱ्या आज्यांच्या घरात १३-१४ असतं आणि बिल 'आदर्श'!

ठोक सुटीचं म्हणाल तर 'वॉर्म होम डिस्काउंट' २०११ पासून आहे. सध्या हिवाळ्यासाठी १५० पौंड, थेट विजेच्या खात्यात वळते होतात. ज्यांची नावं सरकारी भत्त्यांच्या यादीत आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना इंग्लंड-वेल्समध्ये अर्ज करावा लागत नाही, दोन याद्या जुळवून नाव निघतं. हे फार मोठं काम आहे. अर्जाची गरज काढली की निम्मा प्रश्न सुटतो असं मला तरी वाटतं.

पण मला लिहायचंय ते प्रीपेड मीटरबद्दल. थकबाकी झाली की कंपन्या ते बसवतात. पैसे टाका, वीज घ्या. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. एक आजोबा आले, म्हणाले उन्हाळाभर मी गॅसचं हीटिंग लावलंच नाही, तरी ऑक्टोबरात २० पौंड टाकले आणि गॅस सुरूच होईना. झालं असं की रोजचा स्थिर आकार वापर शून्य असला तरी साचतच होता. उन्हाळ्याचे साचलेले पैसे मीटरने आधी गिळले, त्यावर जुन्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता, मग उरलं ते गॅसला. उरलं काहीच नव्हतं. आणि प्रीपेडवाल्याची वीज 'कापली' अशी तोडणीच्या आकड्यांत नोंद होत नाही, तो स्वतःच अंधारात बसतो.

काही ठिकाणी तर लोकांच्या घरात वॉरंट घेऊन शिरून हे मीटर बसवले गेले. त्यावर गदारोळ झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने, म्हणजे ऑफजेमने, जबरदस्तीने बसवणं थांबवायला लावलं. नंतर नियम बरेच कडक झाले.

---

तिरपागडा · रवि, १६:२०

नेहमीप्रमाणे गोड धागा, म्हणून थोडं मीठ टाकतो.

फुकट मिळालं की किंमत राहत नाही. दिवे दिवसाढवळ्या चालू, टीव्ही कोणी बघत नसताना चालू. आणि ही सवलत येते कुठून? माझ्यासारख्या वेळेवर बिल भरणाऱ्याच्या खिशातून. लोकांना बचत शिकवा ना आधी.

---

अर्धविराम · रवि, १७:०२

@तिरपागडा, तुमच्या खिशातून जातं हे काही अंशी खरंच आहे, तेवढ्यापुरतं सहमत. जिथे उद्योगांना आणि जास्त वापरणाऱ्यांना चढा दर लावून खालच्यांचा दर दाबला जातो तिथे ते तसंच होतं. दुसरा मार्ग म्हणजे सरकारने स्वतःच्या तिजोरीतून कंपनीला फरक द्यायचा. भारताच्या २००३ च्या वीज कायद्यात कलम ६५ आहे, त्यात सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर त्याचे पैसे कंपनीला आगाऊ द्यावेत असं स्पष्ट लिहिलंय. आगाऊ! हा शब्द कायद्यात आहे, व्यवहारात तो किती पाळला जातो यावर वेगळा धागा काढता येईल.

पण 'दिवसाढवळ्या दिवे' हे चित्र डोक्यातून काढा. नऊ वॉटचा दिवा चोवीस तास जळत ठेवला तरी महिन्याला साडेसहा युनिट होतात. गरिबाचं बिल त्याने फुगत नाही. ते फुगतं जुन्या, कोणीतरी दिलेल्या फ्रीजने, पाणी तापवायच्या कॉइलने, आणि टप्प्यांनी.

टप्प्यांचं सांगतो. कमी वापर तर कमी दर, हा नियम गरिबांच्या भल्यासाठी केलेला. आता एका घरात तीन खोल्या, तीन कुटुंबं, मीटर एक. प्रत्येकाचा वापर ६० युनिट. मीटरला दिसतात १८०, लागतो वरचा दर. शेजारच्या बंगल्यात दोघंच राहतात, दोघं कामाला बाहेर, वापर ९०. त्यांना स्वस्त वीज. टप्पा मीटरला लागतो, माणसाला नाही. जगभरात जिथे जिथे टप्प्याटप्प्याने वाढणारे दर आहेत तिथे हे भोक आहे.

अवांतर: दक्षिण आफ्रिकेत २००३ पासून गरीब कुटुंबांना महिन्याला ५० युनिट मोफत द्यायचं धोरण आहे. कागदावर उत्तम. पण नगरपालिकेच्या गरिबांच्या नोंदवहीत नाव घालावं लागतं, आणि ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत तोच नेमका बाहेर राहतो. याउलट पोर्तुगालने 'सामाजिक दर', म्हणजे गरीब घरांसाठी सवलतीचा दर, २०१० मध्ये आणला, लोक अर्जच करेनात. २०१६ मध्ये कर आणि सामाजिक सुरक्षेच्या नोंदी जुळवून आपोआप लावायला सुरुवात केली आणि लाभ घेणारी घरं कित्येक पटींनी वाढली. गरिबी तीच, दरही सवलतीचा तोच, फक्त फॉर्म गेला.

---

तिरपागडा · रवि, १७:१५

साडेसहा युनिटांचं गणित करून पाहिलं. बरोबर आहे. दिव्याचं विधान मागे घेतो, बाकीचं नाही.

---

मेधा_क · रवि, २१:४०

अमेरिकेतून. कमी मिळकतीच्या घरांना ऊर्जेच्या बिलात मदत देणारी इथली मुख्य योजना 'लाईहीप'. १९८१ च्या कायद्याने आली. पैसा केंद्राचा, चालवतात राज्यं, त्यामुळे प्रत्येक राज्याची तारीख, रक्कम, फॉर्म वेगळा. मिळकतीची मर्यादा साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के किंवा राज्याच्या मध्यम मिळकतीच्या ६० टक्के, यातली जी जास्त असेल तिथपर्यंत राज्याला नेता येते. वीज, गॅस, तेल, काही ठिकाणी जळाऊ लाकूडसुद्धा. भाडेकरूंनाही मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

एक गोष्ट जाड ठशात लिहायला हवी: पात्र असणं म्हणजे मिळणं नव्हे. हा हक्क नाही, ठरलेली रक्कम आहे. संपली की संपली. म्हणून हंगाम उघडतो त्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकायचा. मी ज्या केंद्रात भाषांतराला जाते तिथे दरवर्षी फेब्रुवारीत रांग लागते, आणि तोवर बऱ्याचदा फक्त आणीबाणीचे पैसे उरलेले असतात. कुठे अर्ज करायचा कळत नसेल तर २११ या मदत क्रमांकावर फोन करायचा, ते जवळचं केंद्र सांगतात.

काकांचा चौथा प्रकार इथे १९७६ पासून आहे. 'वेदरायझेशन' म्हणतात. ते लोक घरी येतात तेव्हाचा प्रकार बघण्यासारखा असतो. पुढच्या दारात कापडी चौकट ठोकतात, तिच्यात मोठा पंखा. पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि मग घर जिथे जिथे फुटकं आहे तिथून वारा आत येतो. माणूस हातात धुराची कांडी घेऊन फिरतो. एका मावशींच्या घरी खिडक्या धडधाकट निघाल्या आणि धूर हलला तो कुठे, तर न्हाणीघरातल्या सिंकखाली, नळ भिंतीत शिरतो तिथल्या भोकापाशी. आणि माळ्याच्या झडपेपाशी. दहा वर्षं त्या खिडक्यांना प्लास्टिक चिकटवत होत्या.

---

हेमंतऋतू · रवि, २२:१२

एक वेगळी गोष्ट. माझे वडील शेवटची दोन वर्षं बिल थकवत होते हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. कपाटात पेपरखाली नोटिसा नीट तारखेप्रमाणे लावून ठेवलेल्या. मुलांना सांगायचं नाही, कंपनीत जाऊन हप्ते मागायचे नाहीत. "हात पसरणार नाही" म्हणायचे. हप्ते बांधून मागणं म्हणजे हात पसरणं नव्हे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाकी चर्चा वाचतोय.

---

निवृत्त_लेखनिक · रवि, २२:५०

@हेमंतऋतू, खिडकीच्या आत बसून मी अशी कितीतरी माणसं पाहिली. रांगेत उभी राहायची, नंबर आला की "काही नाही, बिल भरायला आलो होतो, सुटे नाहीत" म्हणून परत जायची.

हप्त्यांबद्दल आतल्या माणसाचा सल्ला. मुदत उलटण्याच्या आत जा. मुदतीआधी येणारा माणूस कारकुनाला 'ग्राहक' दिसतो, नंतर येणारा 'थकबाकीदार'. संगणकावरही तसंच आहे, एकदा तोडणीच्या यादीत नाव गेलं की ते काढायला साहेबाची सही लागते. आणि हप्ता कबूल करताना चालू बिल अधिक हप्ता असा मिळून आकडा झेपेल का ते बघा. घाईत मोठा हप्ता कबूल करून दुसऱ्याच महिन्यात चुकवलात तर पुढच्या वेळी कोणी उभं करत नाही. त्यापेक्षा आधीच लहान मागा, हुज्जत घाला.

भारतातल्या वाचकांसाठी: २००३ च्याच कायद्याचं कलम ५६ पाठ करा. पैसे थकले तरी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. बिलाच्या रकमेबद्दल वाद असेल तर 'निषेध नोंदवून' मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांतली कमी असेल ती भरली की वाद मिटेपर्यंत तोडणी थांबते. आणि दोन वर्षांपूर्वीची बाकी, जर ती दरम्यान सतत बिलात दाखवत आली नसेल, तर वसूल करता येत नाही. आजच्या बाईंना मी हेच सरासरीचं भरायला सांगितलंय. पावतीवर 'निषेध नोंदवून' हे शब्द लिहून घ्या म्हटलं, आणि ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले.

---

ठिणगी · सोम, ०९:१८

सगळे विजेवरच बोलताहेत. घरातली ऊर्जा म्हणजे चूलसुद्धा.

भारतात उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली. जोडणी गरीब घरातल्या बाईच्या नावावर, अनामत सरकारने भरायची. घरोघरी शेगडी पोचली हे निर्विवाद. अडलं ते दुसऱ्या सिलिंडरला. १४.२ किलोचं भरलेलं सिलिंडर दारात येतं तेव्हा पूर्ण पैसे मोजावे लागतात, अनुदान मागाहून बँकेत. रोज मजुरी घेणाऱ्याकडे एकदम तेवढी रक्कम नसते, सरपण मात्र रोजचं रोज, थोडंथोडं मिळतं. म्हणून सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल चालू. माझ्या मते इथे किमतीएवढाच दोष 'एकदम' या शब्दाचा आहे. पाच किलोचं लहान सिलिंडर त्यासाठीच निघालं, पण एजन्सीत मागितल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही.

मदत किती, यापेक्षा कोणत्या तारखेला हातात पडते हे आधी विचारा.

---

शंकासुर · सोम, १०:०४

चांगलं चाललंय, मध्येच घरचा प्रश्न टाकतो.

आई एकटी राहते, भाड्याच्या खोलीत. निवृत्तिवेतन तुटपुंजं. घरात तीन एलईडी दिवे, एक पंखा, लहान फ्रीज, टीव्ही संध्याकाळी दोन तास. पाणी गॅसवर तापवते. तरी बिल महिन्याला १३०-१३५ युनिट. सवलतीची मर्यादा १०० ला आहे, त्यामुळे ती दर महिन्याला थोडक्यात हुकते. रीडिंग दर महिन्याचं आहे, 'सरासरी' नाही. मीटर नंबर जुळतो. आता ती रात्री पंखा बंद करून झोपायला लागली आहे. काय बघू?

---

पारिजात७ · सोम, १०:२०

मोबाइलचे चार्जर काढून ठेवायला सांगा. टीव्ही रिमोटने नाही, बटणाने बंद करायचा.

---

वायरमन · सोम, ११:३७

पारिजातताई, रागावू नका, पण फोन महिनाभर रोज चार्ज केला तरी अर्धा युनिट होतो. चार्जर नुसता लटकत असेल तर तो मोजण्याच्याही लायकीचा नाही. म्हाताऱ्या माणसांना हे असले सल्ले देऊन आपण फक्त घाबरवतो. बटणाने बंद करायचं मात्र सेट टॉप बॉक्सच्या बाबतीत बरोबर, तो चोवीस तास दहा वॉट खात बसला तर महिन्याला सात युनिट.

वीज खरी जाते ती गरम आणि गार करण्यात. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल. १५ लिटर पाणी २५ अंशांनी तापवलं की ०.४४ युनिट. चार माणसं, तीस दिवस, पन्नासच्या वर युनिट नुसत्या आंघोळीचे. तुमच्या आई गॅसवर तापवतात तेव्हा तो प्रश्न नाही. पंखा जुना ७५ वॉटचा असेल तर रोज बारा तासांचे २७ युनिट. नवीन बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, म्हणजे ११ च्या आत. पण पंखा बंद करून झोपायला लावू नका हो, उकाड्यात वयस्कर माणसाला ते धोक्याचं आहे.

फ्रीजची परीक्षा: दाराच्या फटीत कागद धरा, दार लावा, कागद ओढा. सहज निघाला तर रबर गेलं. चारी बाजूंनी करा, बिजागरीच्या बाजूला विशेष.

हे सगळं नंतर. आधी एक काम करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी छापलेलं असतं, बहुतेक ३२०० इम्पल्स प्रति युनिट, म्हणजे ३२०० लुकलुकी झाल्या की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रीजचीही पिन काढा, पण मेन स्विच चालू ठेवा. आता घड्याळ लावून पाच मिनिटं मोजा. एकही लुकलुकी व्हायला नको. झाली तर मेन पाडून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे इथे लिहा.

---

घोंगडी · सोम, १४:०९

@वायरमन, हा प्रतिसाद छापून केंद्रात लावते. आमच्याकडे बचतीची पत्रकं असतात, 'किटलीत हवं तेवढंच पाणी घाला' छापाची. ती ज्यांना देतो त्यांच्याकडे बचत करण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

---

बारकुळे_शून्य · सोम, १५:३०

एक सावधगिरी. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, खालील अधिकाऱ्याला फोन करा" असे संदेश येतात. साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून. फोन केला की दहा रुपये भरा म्हणतात, एक अ‍ॅप घ्यायला लावतात आणि त्यातून फोनच ताब्यात घेतात. माझ्या मामेसासऱ्यांचं खातं असंच साफ झालं. ते बिचारे थकबाकीदार नव्हतेच, पण 'तोडणी' हा शब्द वाचून हात कापायला लागले. तोडणीची नोटीस रात्री साडेनऊचा मुहूर्त काढून येत नसते.

मदतीच्या योजनेच्या नावानेही तेच. अर्ज भरून देण्याचे टक्के मागणारे भेटतात.

---

तिरपागडा · सोम, १८:४४

कलम ५६ ची झेरॉक्स काढून आमच्या सोसायटीच्या रखवालदाराला दिली. त्याच्या खोलीचं प्रकरण आहे, काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. मतं तीच आहेत, गैरसमज नसावा.

---

निवृत्त_लेखनिक · सोम, १९:१०

नाही, नाही. करा व्यनि.

शिवणकामवाल्या बाईंचं: आज अर्ज दाखल झाला, पोच मिळाली. पोच देताना खिडकीतला मुलगा म्हणाला की कुलूपबंद जिन्याची आणखी चार मीटरं त्याच यादीत दिसताहेत. बाई म्हणाल्या, चौघींनाही रविवारी घेऊन येते.

---

शंकासुर · मंगळ, २२:५५

काल रात्री आईकडे गेलो. वायरमन, तुम्ही सांगितलं तसं केलं. सगळं बंद, फ्रीजची पिन काढलेली, आई हातात बॅटरी धरून जिन्यात, मी मीटरसमोर.

मीटर ३२०० चाच आहे. पाच मिनिटांत वीस लुकलुकी. मग खोलीतला मेन पाडून मोजल्या. पुन्हा वीस.

---

वायरमन · मंगळ, २३:०२

मिनिटाला चार. चार गुणिले साठ भागिले ३२००, म्हणजे ०.०७५ किलोवॉट, म्हणजेच ७५ वॉट, चोवीस तास. महिन्याला ५४ युनिट. मेन पाडूनही चालू आहे म्हणजे मीटर आणि मेन यांच्यामधूनच कोणीतरी वायर काढलीय. तिला हात लावू नका, तिथे वीज जिवंत असते. जिन्यात काय काय चालू होतं?

---

शंकासुर · मंगळ, २३:२०

जिन्यातले दोन ट्यूबलाइट, जे दिवसाही चालू असतात. आणि घरमालकाच्या कॅमेऱ्यांची पेटी, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला नेलं. त्याने एक वायर सोडवली आणि जिना अंधारला, वरचे कॅमेरेही गेले. मालक पाच मिनिटांत खाली हजर. इतक्या चपळाईने ते नळ गळतोय म्हणून सांगितलं तेव्हा कधी आले नव्हते.

त्यांचं म्हणणं, वायरिंग आधीच्या मालकाच्या वेळचं आहे. असेलही. फोटो काढलेत, इलेक्ट्रिशियनकडून लेखी घेतलंय. काका, मागचे किती महिने मागायचे आणि अर्ज मालकाला की कंपनीला, रविवारी ओट्यावर येऊन विचारतो. आईलाही आणतो.

काल ती पंखा लावून झोपली.